पाचगणीला कॉलेजच्या मुलांसोबत आठवडाभराची रिट्रीट, कोणी गेलंय का? सल्ला हवाय

कृष्णाकाठची_ताई, मिरज

सलाम सगळ्यांना. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघाची यंदा दिवाळीच्या सुट्टीत पाचगणीला सात दिवसांची रिट्रीट, म्हणजे प्रार्थना-बायबलचं निवासी शिबिर, ठरलीय. पाळकसाहेबांनी मला विचारलंय की मुलींसोबत एक जबाबदार बाई हवी, तुम्ही याल का. मी ज्युनियर कॉलेजला शिकवते, पोरांची सवय आहे, एकेक दिवसाची शिबिरं केलीत, पण सलग आठवडा आणि तोही देवाच्या वचनासाठी हे माझ्यासाठी नवीन आहे म्हणून इथे विचारतेय.

पोरं तीस-पस्तीस असतील. नर्सिंगच्या मुली बऱ्याच, बाकी इंजिनियरिंग, फार्मसी, दोघंतिघं विलिंग्डनला बीए करणारी. हातात आलेलं वेळापत्रक बघून मला धडकीच भरलीय. पहाटे साडेपाचला उठायचं, सहाला प्रार्थना, नाश्ता, संदेश म्हणजे प्रवचन, गटचर्चा, परत संदेश, जेवण, तिसरा संदेश, संध्याकाळी गाणी, रात्री आणखी एक संदेश आणि साक्षी म्हणजे देवाचे आपापले अनुभव सांगणं, झोपायला अकरा. बोलणारे सगळे मनापासून बोलतात, त्याबद्दल शंका नाही, पण सेमिस्टरचा शेवटचा पेपर टाकून थेट बसमध्ये बसणाऱ्या पोरांना हे झेपेल का? कमी करा म्हणून कमिटीला सांगायचं तर कशाच्या जोरावर सांगू, कारण सगळे म्हणतात एवढा खर्च करून नेतोय तर वेळ फुकट जायला नको.

मोबाईल काढून घ्यायचे का हेही ठरत नाहीये. शिवाय दोन मुलींच्या हॉस्टेलच्या रूममेट हिंदू आहेत, त्यांनाही यायचंय, न्यावं की नाही यावर आमच्यात एकमत नाही. आणि मला सगळ्यात जास्त टोचतंय ते वेगळंच आहे. आमच्यातल्या एका मुलीचे वडील मागच्या वर्षी गेले, तेव्हापासून तिने चर्चला यायचं सोडलंय. आता म्हणते मी येते, पण मला कोणी समजवायला लागलं तर मी पहिल्या एसटीने परत. तिच्याशी काय बोलू?

सातारचा_कॅम्पवाला

ताई, नक्की जा. बरीच वर्षं तरुणांची शिबिरं घेतोय म्हणून सांगतो, वेळापत्रकाबद्दल तुम्हाला वाटतंय ते बरोबरच आहे आणि जोर पाहिजे तर कमिटीपुढे बायबलच उघडा. मार्क ६:३१ काढा. शिष्य गावोगाव काम करून आलेत, माणसांची एवढी ये-जा की जेवायला सवड नाही, तेव्हा येशू त्यांना अजून एक प्रवचन देत नाही, एकांतात चला आणि जरा विसावा घ्या म्हणतो. मग १ राजे १९ काढा. एलीया संदेष्टा दमून झुडपाखाली पडलाय, मला मरण दे म्हणतोय, तर देवदूत येऊन आधी त्याला भाकरी आणि पाणी देतो, तो परत झोपतो तर झोपू देतो, परत उठवून खायला घालतो. देवाची मंद वाणी वगैरे त्याच्या नंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर. पेपर देऊन आलेल्या पोरांना पहिल्या रात्री पोटभर जेवण आणि झोप द्या, दुसऱ्या दिवशी साडेसातच्या आधी कुणाला उठवू नका. त्यात देवाचा वेळ वाया जात नाही.

रोज एक संदेश पुरे. सकाळी, पाऊण तास. त्यानंतर प्रत्येकाने आपलं बायबल आणि वही घेऊन एकेकट्याने झाडाखाली, पायरीवर, कुठेही बसायचं, त्या वेळात कुणी कुणाशी बोलायचं नाही. मग गट. गट सहा-सात जणांचे करा आणि आठवडाभर तेच ठेवा, लीडरही तोच. रोज गट बदलले की पोरं रोज नव्याने ओळख करून देत बसतात आणि खरं बोलायची वेळ येतच नाही. दुपारी जेवणानंतर दोन-अडीच तास पूर्ण मोकळे.

अजून एक, पहिले दोन दिवस सगळी पोरं शहाण्यासारखी वागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणाचं तरी भांडण होतं, कुणी रडतं, कुणी म्हणतं मला घरी जायचंय. लीडर लोक घाबरतात की रिट्रीट बिघडली. बिघडलेली नसते, चर्चमध्ये घालायचा चेहरा तिथवर पुरतो आणि मग उतरतो एवढंच. त्या दिवशी संध्याकाळी काहीच ठेवू नका. लीडरांनी नुसतं हाताशी असायचं.

आणि आचारी जरूर ठेवा पण भाजी निवडणं, लसूण सोलणं, ताटं धुणं हे गटांना वाटून द्या आणि तुम्ही स्वतः त्यांच्यात बसा. लसणाच्या ढिगाभोवती बसलेली पोरं जे बोलतात ते गटचर्चेत कधी बोलत नाहीत, कारण मान खाली असते, हात चालू असतात, समोरच्याच्या डोळ्यात बघायला लागत नाही. एका पोराने पाकळी सोलता सोलता सांगितलं होतं की तो इंजिनियरिंगला दोन विषयात अडकलाय आणि घरी माहीत नाही. सगळ्यांचे हात तसेच चालू राहिले, कुणी उपदेश केला नाही, शेजारच्याने फक्त विचारलं कुठले विषय. त्या दोघांनी परत गेल्यावर एकत्र अभ्यास केला.

वाईची_नर्स

कॅम्पवाले काकांनी मुद्द्याचं सांगितलंय, मी फक्त कामाचं लिहिते. गाडी एसटीची प्रासंगिक करारावर घ्या, मिरजेतून थेट पाचगणी, म्हणजे पेठ नाका, कराड, सातारा, पाचवड, वाई आणि मग पसरणी घाट. वाईला थांबून अर्धा तास पाय मोकळे करा पण तिथे पोटभर खायला देऊ नका, घाटात निम्मी गाडी ओकते. लिंबू, आवळासुपारी आणि कॅरीबॅग पुढच्या सीटवर ठेवा.

निघायच्या आधी प्रत्येकाकडून एक कागद भरून घ्या. दमा आहे का, फिट येते का, कुठली गोळी चालू आहे, कशाची अॅलर्जी आहे, घरचे दोन नंबर. पंप वापरणाऱ्या पोरांना दोन पंप आणायला सांगा, पाचगणीच्या थंडीत रात्री छाती भरते. ओआरएस, पॅरासिटामॉल, क्रेप बँडेज, सॅनिटरी पॅड हे तुमच्या बॅगेत जास्तीचं असू दे. दिवाळीनंतर तिथे पहाटे चांगलाच गारठा असतो, सांगली-मिरजेची पोरं एक पातळ चादर घेऊन येतात आणि रात्रभर कुडकुडतात, स्वेटर आणि कानटोपी सक्तीची करा.

आणि ताई, मुलींसाठी तुम्ही एकट्या पुरणार नाही. अजून एक बाई मागून घ्या, हट्टाने मागा. कुठल्याही मोठ्या माणसाने कुठल्याही मुलाशी किंवा मुलीशी एकट्याने बोलायचं तर व्हरांड्यात, बाकीच्यांना दिसेल अशा जागी, दार लावून नाही, मग तो पाळक असो नाहीतर कोणी असो. हे पहिल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा म्हणजे पोरांनाही कळतं की नियम मोठ्यांसाठी आहे.

थर्ड_इयर_मेकॅनिकल, सांगली

मॅडम मी पोरांच्या बाजूने सांगतो. मोबाईल जप्त करू नका, त्याने पोरं दुसरा फोन लपवून आणतात. आमच्या इथे एक लाकडी पेटी होती, सकाळच्या नाश्त्याला आपण स्वतः त्यात फोन ठेवायचा आणि संध्याकाळी सहा ते सात घ्यायचा, घरी बोलायचं, परत ठेवायचा. लीडर लोकांचे फोन पण त्याच पेटीत, एक फक्त इमर्जन्सीसाठी बाहेर, तो नंबर सगळ्यांच्या घरी दिलेला. लीडरचा फोन पेटीत दिसला की कुणी तक्रार करत नाही. पहिला दिवस हात सारखा खिशाकडे जातो, नंतर खरंच शांत वाटतं.

मला स्वतःला काय लक्षात राहिलंय ते सांगू का. एका संध्याकाळी आम्ही पारसी पॉइंटला गेलो होतो, खाली कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी दिसतं. आमच्या गटात सांगलीवाडीचा एक पोरगा होता, फार बोलायचा नाही. ते पाणी बघून एकदम म्हणाला हेच पाणी आमच्या घरात आलं होतं. २०१९ चा ऑगस्ट. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं होतं ५७ फुटांच्या वर, तेव्हा तो शाळेत होता. सांगत होता की आम्ही गच्चीवर, आजी सारखी प्रार्थना करत होती आणि मला तिचा राग येत होता कारण पाणी तर चढतच होतं. हे त्याने आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, आजीला पण नाही. आम्ही सगळे सांगली-मिरजेचेच, प्रत्येकाकडे त्या पुराचं काहीतरी होतंच, कुणाच्या दुकानातला माल गेला, कुणाची म्हैस. अंधार पडेपर्यंत तिथेच कठड्याजवळ बोलत बसलो. आमच्या लीडर दादाने उत्तर दिलं नाही, त्याने फक्त स्तोत्र ४६ वाचलं, ज्यात पाणी गर्जतंय, फेसाळतंय आणि डोंगर हलतायत तरी देव आश्रय आहे असं आहे. ते स्तोत्र मी लहानपणापासून पाठ म्हणतोय पण त्या दिवशी पहिल्यांदा मला ते आमच्या गावाचं वाटलं.

त्या दिवशी वेळापत्रकात संदेश असता तर आम्ही साडेपाचलाच परत फिरलो असतो. म्हणून तुम्ही कमिटीशी भांडा मॅडम.

कृष्णाकाठची_ताई, मिरज

सगळ्यांचे किती आभार मानू. पेटीचं आणि लसणाचं दोन्ही लिहून घेतलंय, दुसऱ्या बाईंचंही आजच पाळकसाहेबांशी बोलते. त्या दोन रूममेटचं आणि माझ्या त्या मुलीचं पण कोणीतरी सांगा ना.

कवठ्याचा_पोरगा

ताई मी हिंदू आहे, आमच्याकडे माळकरी घर. कॉलेजला असताना रूममेटबरोबर अशाच एका रिट्रीटला गेलो होतो. घरी विचारलं तेव्हा वडील गप्प झाले, पण आजीला सांगितलं की त्यांचा सप्ताह आहे, सात दिवस देवाचं नाव, एकत्र जेवण, मोबाईल बंद, तर ती लगेच म्हणाली मग जा की. आमच्या गावात दरवर्षी हरिनाम सप्ताह बसतो, पारायण, कीर्तन, शेवटी काला, त्यामुळे तिला समजवायला काही लागलंच नाही.

मला तिथे आवडलं कारण मला सगळं आधी खरं सांगितलं होतं. काय होणार, कोण बोलणार, प्रार्थनेला बसायचं नसेल तर बाहेर बसलास तरी चालेल. शेवटच्या रात्री पुढे या, ख्रिस्ताला स्वीकारत असाल तर हात वर करा असं काही माझ्यावर आलं नाही. आलं असतं तर मी माझ्या मित्रालाच तोडलं असतं. तुम्ही त्या मुलींच्या आईवडिलांशी स्वतः फोनवर बोला, कार्यक्रम ख्रिस्ती आहे, प्रार्थना आणि बायबल असणार, हे स्पष्ट सांगा, मुलीच्या तोंडून निरोप नको. ते हो म्हणाले तर लेखी घ्या आणि खुशाल न्या. नाही म्हणाले तर नेऊ नका, मुलगी कितीही रडली तरी.

भजनी_मास्तर, सातारा

वरच्या भावाने लाखमोलाचं लिहिलंय. ताई, तुमची कमिटी अडून बसली तर त्यांना रेव्हरंड ना. वा. टिळकांची आठवण करून द्या. १९१७ मध्ये इथे आमच्या साताऱ्यात त्यांनी देवाचा दरबार सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसता यावं ही त्यांची तळमळ होती. ख्रिस्ताची ओढ असलेल्या माणसाला दाराबाहेर थांबवायचं नाही, असं मानणारा आमचा सगळ्यात मोठा कवी होता.

घाईचंही तेच. टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या माणसाने नवा करार दिला, तो त्यांनी वाचला, भांडले त्याच्याशी, पत्रं लिहून शंका विचारल्या, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाने आल्या. एवढी मोठी माणसं वर्षं घेतात तर एकोणीस वर्षांच्या पोराकडून आपण सातव्या रात्री शेकोटीसमोर निर्णय का मागायचा? जागरण, थंडी, गाणी, सगळे रडतायत, अशा वेळी हात वर होतोच. तो सोमवारी कॉलेजच्या गेटवर टिकत नाही आणि मग पोरगं स्वतःलाच ढोंगी समजायला लागतं, हे मी फार जवळून बघितलंय. शेवटच्या रात्री आभार माना, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घ्या, गा आणि झोपा.

गाण्याचं पण सांगतो, माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. गिटारवरची इंग्लिश-हिंदी गाणी पोरं गाणारच, गाऊ द्या, पण रोज रात्री एक तरी टिळकांचं भजन किंवा अभंग पेटी-तबल्यावर होऊ द्या. आणि तुम्ही तर मिरजेचे, तंबोरे बनवणाऱ्यांच्या गावचे. टाळ हातात आले की मागे बसणारी पोरं पण पुढे सरकतात, हे करून बघा.

सांगलीची_कॅथलिक_बहीण

आमच्याकडे रिट्रीटची पद्धत वेगळी, त्यात मौन जास्त असतं. संत इग्नाशियसने घालून दिलेली साधना मुळात तीस दिवसांची, तिचे चार भाग आणि त्यांना आठवडे म्हणतात. तो आधी सैनिक होता, १५२१ मध्ये लढाईत तोफगोळा लागून पाय मोडला आणि बिछान्यावर पडल्या पडल्या त्याला स्वतःच्या मनात काय चाललंय ते बघायची सवय लागली. कशाने मन नंतरही शांत राहतं आणि कशाने नुसतं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, एवढंच तो बघत राहिला.

त्यातली एक गोष्ट तुमच्या पोरांना सहज जमेल. झोपायच्या आधी दहा मिनिटं दिवे मंद करून आजचा दिवस देवासोबत परत बघायचा. कशाबद्दल आभार वाटतात, कुठे मन कोरडं झालं, कुणाला दुखावलं, उद्या काय हवंय. कुणाला सांगायचं नाही, वहीत लिहायचं असेल तर लिहा. परत आल्यावर हॉस्टेलच्या खाटेवर पण हे करता येतं, त्याला पाचगणी लागत नाही.

वाईची_नर्स

ताई, त्या मुलीबद्दल परत आले. वॉर्डमध्ये खूप घरं कोसळताना बघितलीत म्हणून लिहिते.

तिला न्या. पण बायबलमधला ईयोब २ वाचून न्या. पोरंबाळं आणि सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र येतात, त्याला ओळखतही नाहीत इतका तो बदललाय, मोठ्याने रडतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसतात, एक शब्द न बोलता, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतंय. तिथपर्यंत ते चांगले मित्र होते. बोलायला लागले, कारणं सांगायला लागले, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. तुमच्याकडे पण सातच दिवस आहेत, बसा नुसतं तिच्यासोबत.

देवाची इच्छा होती, ते चांगल्या ठिकाणी गेले, रडू नकोस, हे एकानेही तिला म्हणायचं नाही, हे सगळ्या लीडरना आधी सांगून ठेवा, येणाऱ्या वक्त्यांनाही. वडिलांचं नाव घ्या. काय काम करायचे, चहा कसा लागायचा, तिला गाडी शिकवली का, असं विचारा आणि ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर लसूण सोला. साक्षीच्या वेळी तिच्याकडे बघू नका. आणि ती म्हणतेय परत जाईन, तर तिला पहिल्याच दिवशी सांगा की तुला कधीही जावंसं वाटलं तर मी स्वतः तुझ्यासोबत खाली वाईपर्यंत येऊन गाडीत बसवून देईन, कुणाला कारण सांगायला लागणार नाही. परत जायची वाट उघडी आहे हे कळलं की माणूस थांबतो बहुतेक. नाही थांबली तरी तुम्ही शब्द पाळा.

देवावर रागावली असेल तर तिला गप्प करू नका, स्तोत्र ८८ दाखवा हवं तर. ते अंधारातच संपतं, शेवटी काही गोड होत नाही, तरी ते बायबलमध्ये आहे.

कृष्णाकाठची_ताई, मिरज

काल कमिटीची मीटिंग झाली. एलीया आणि मार्क दोन्ही वाचून दाखवलं. दोघं नाराज झाले पण पाळकसाहेब म्हणाले की ताईंचं बरोबर आहे, आपण पोरांना ऐकवायला नेतोय का त्यांचं ऐकायला पण नेतोय हे ठरवा. आता रोज एकच संदेश, दुपार मोकळी, चौथी संध्याकाळ पूर्ण रिकामी. शेवटच्या रात्रीचं आवाहन काढलं. आमच्याच मंडळीतल्या एक रिटायर्ड मेट्रन दुसऱ्या बाई म्हणून यायला तयार झाल्यात.

एका रूममेटच्या आईशी बोलले, त्या हो म्हणाल्या. दुसरीच्या घरून नकार आला, तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं, पण ठीक आहे. आणि त्या मुलीला मी वाईपर्यंत सोडायचं वचन दिलंय. ती म्हणाली बाबा भडंग फार छान करायचे, मी सगळ्यांसाठी करून आणू का. मी म्हटलं दोन डबे आण.

मास्तर, पेटी आहे आमच्याकडे, तबला वाजवणारं कोणी नाही.

सातारचा_कॅम्पवाला

ताई, फार बरं वाटलं वाचून. एक राहिलं, उतरल्यावरचं आत्ताच ठरवा, गाडीत बसल्यावर ते सुचत नाही. प्रत्येक गट-लीडरने आपल्या सहा-सात पोरांना पहिल्या आठवड्यात फोन करायचा आणि पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी घरी एकत्र जेवायचं. तारीख आणि घर पाचगणीला जायच्या आधी नक्की करून ठेवा, सेमिस्टरचे निकाल लागायच्या सुमाराची बघा, तेव्हा पोरांना माणसं लागतात.

भजनी_मास्तर, सातारा

तबल्याची काळजी सोडा. वाईला माझा एक विद्यार्थी आहे, हात चांगला आहे, संध्याकाळच्या एसटीने वर येईल आणि दोन-तीन रात्री राहील. नंबर इथे टाकत नाही, तुम्हाला मेसेज करतो. त्याच्या जेवणाचं आणि एका जाड घोंगडीचं तेवढं बघा.